पात्राचा नियम कुठे मोडतो?

(ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं असं बरेच जण कळवतात, म्हणून या भागाचा मजकूर इथे देतोय. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' काढलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

बसमध्ये असाल, मेट्रोत असाल, किंवा फोन ओट्यावर टेकवून भांडी घासत असाल, सगळ्यांचं स्वागत.

गेल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा : "गोष्ट सुचते, सुरुवात होते, पण पात्रं पुठ्ठ्याची वाटतात. खरी वाटत नाहीत. काय करू?" आजचा भाग त्यावर आहे.

आधीच सांगतो, मी कुणी मोठा लेखक नाही. बी.टेक. केलं, हिंजवडीत एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो, आणि शनिवार-रविवारी कथा लिहितो. तीन छापून आल्यात. परत आलेल्यांचा आकडा सांगत नाही. त्यामुळे आज मी तुम्हाला शिकवणार वगैरे नाहीये. माझी एक कथा कशी फसली आणि ती दुरुस्त करताना काय कळलं, तेवढं सांगतो. तुमच्या कामाला येईल.

बेचाळीस कॉलमचा माणूस

तीन वर्षांपूर्वी मी ठरवलं की एका एसटी कंडक्टरवर कथा लिहायची. कंडक्टरच का? कारण माझे वडील एसटीत कंडक्टर होते. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. आता रिटायर झालेत. म्हणजे हा विषय मला घरबसल्या माहीत होता. निदान मला तसं वाटत होतं.

आता मी इंजिनियर. कुठलंही काम सुरू करायचं म्हटलं की आधी एक्सेल उघडतो. इंटरनेटवर पात्र तयार करायचे तक्ते मिळतात ना, तसे चार-पाच एकत्र करून मी शीट बनवली. बेचाळीस कॉलम! उंची, वजन, रास, आवडता रंग, आवडती भाजी, लहानपणीचा मित्र, डाव्या हातावर जखमेची खूण. कंडक्टरचं नाव ठेवलं मारुती. सगळे कॉलम भरले. दोन शनिवार गेले त्यात. मनात म्हटलं, चला, पात्र तयार झालं.

मग कथा लिहायला बसलो, तर मारुती हलेचना. त्याला वांग्याची भाजी आवडते हे मला माहीत होतं, पण गाडीत भांडण झालं तर तो काय करेल हे माहीत नव्हतं. बेचाळीसपैकी एकही कॉलम ते सांगत नव्हता.

हे तक्ते अगदीच फालतू असतात असं नाही. मोठी कादंबरी लिहिताना पहिल्या प्रकरणात घारे असलेले डोळे विसाव्या प्रकरणात काळे होऊ नयेत, म्हणून त्यांचा उपयोग होतो. पण ती नोंदवही आहे. आपल्या ऑफिसच्या सिस्टिममध्ये आपली जन्मतारीख, रक्तगट, पत्ता सगळं असतं. म्हणून एचआरला आपण कळलेलो असतो का?

मी लिहिलेला मारुती

तरी कथा लिहिली. थोडक्यात सांगतो. मारुती कंडक्टर कंजूष. एका एका रुपयाचा हिशोब ठेवणारा. मुलगा शिकायला शहरात हॉस्टेलला. दर रविवारी मारुती फोन करणार आणि आठवड्याचा हिशोब विचारणार : मेस किती, साबण किती, रिक्षा किती, झेरॉक्स किती. "कसा आहेस" नाही, "जेवलास का" नाही. थेट हिशोब. मुलगा वाचून दाखवणार, मारुती वहीत लिहून घेणार. दहा रुपये जुळले नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून. शेवटी मुलगा वैतागतो, नोकरी लागल्यावर घरी फोन करायचा बंद करतो. कथा संपली.

ओळखलंच असेल, तो मुलगा मी. फोन मी बंद केला नव्हता. पण हॉस्टेलच्या चार वर्षांत प्रत्येक रविवारी मला तो बंद करावासा वाटला होता, हे खरं.

कथा एका दिवाळी अंकाला पाठवली. परत आली. संपादकांनी सोबत दोन ओळी लिहिल्या होत्या. मतलब असा की, तुमचा कंडक्टर पहिल्या पानावर जसा आहे तसाच शेवटच्या पानावर आहे, आणि दुसऱ्या पानावर गेल्यावर तो पुढे काय बोलणार हे आम्हाला आधीच कळतं.

मला राग आला. असतात की अशी माणसं! मी बघितलंय, चार वर्षं फोनवर ऐकलंय! मग कथा ताईला वाचायला दिली. वाटलं ती तरी माझ्या बाजूनं बोलेल. तिनं वाचली आणि म्हणाली, "यात तुझा राग नीट दिसतोय. आण्णा दिसत नाहीत."

मग तिनं एकच प्रश्न विचारला. "आण्णांच्या वहीत शेवटी 'इतर' असं लिहिलेलं असायचं, आठवतंय? दर गुरुवारी. ते काय होतं, माहितीय तुला?"

माहीत नव्हतं. वही मी शेकडो वेळा पाहिलेली. 'इतर' हा शब्दही पाहिलेला. कधी विचारलं नव्हतं.

फॉर्स्टरची परीक्षा

'इतर' काय होतं ते सांगतो. पण त्याआधी थोडी थिअरी. घाबरू नका, दोन मिनिटांत संपवतो.

ई. एम. फॉर्स्टर नावाचे इंग्रज कादंबरीकार होते. १९२७ साली त्यांनी केंब्रिजला कादंबरी या विषयावर व्याख्यानं दिली, त्याचं पुढे पुस्तक झालं. त्यात त्यांनी पात्रांचे दोन प्रकार सांगितले : फ्लॅट आणि राउंड. आपण सपाट आणि भरीव म्हणू. सपाट पात्र एका वाक्यात सांगता येतं. "कंजूष कंडक्टर." झालं. भरीव पात्र एका वाक्यात मावत नाही.

आणि ओळखायचं कसं, तर त्यांनी एक परीक्षा सांगितली. पात्र आपल्याला चकित करू शकतं का, आणि ते चकित करणं पटतं का? कधीच चकित करत नसेल तर ते सपाट. चकित करतं पण पटत नाही, तर ते भरीव असल्याचं सोंग आणणारं सपाट पात्र.

यातला दुसरा भाग बरेच जण विसरतात. आपण काय करतो? खलनायक फार काळा झाला म्हणून त्याला मांजर पाळायला लावतो. दिवसभर खून करतो आणि संध्याकाळी मांजरीला दूध पाजतो. झालं, भरीव! नाही हो. मांजर वरून चिकटवलंय. त्या माणसाच्या आतून ते आलेलं नाही. वाचक चकित होतो, पण त्याला पटत नाही.

आणखी एक. सपाट पात्रं वाईट असतात असं फॉर्स्टर म्हणत नाहीत. ती लागतात. पटकन ओळखू येतात, लक्षात राहतात. गाडीत चाळीस प्रवासी असतील तर चाळिसांना भरीव करायला गेलात की गाडी स्टँडवरच उभी राहील. खिडकीसाठी भांडणारा माणूस फक्त खिडकीसाठी भांडला तरी चालतं. पण ज्याच्यावर कथा उभी आहे, तो सपाट चालत नाही.

नियम शोधा

मग आतून येणारं आश्चर्य आणायचं कुठून? माझ्यापुरतं उत्तर असं : पात्राचा नियम शोधा.

प्रत्येक माणसाचा जगण्याचा एखादा नियम असतो. तो कुठे लिहिलेला नसतो. कधी त्याचा त्यालाही माहीत नसतो. "कुणाचे उपकार घ्यायचे नाहीत." "घरातलं बाहेर बोलायचं नाही." "आपण चुकलो तरी आधी सॉरी म्हणायचं नाही." असा एक नियम सापडला की पात्र हलायला लागतं, कारण आता कुठल्याही प्रसंगात ते काय करेल याचा अंदाज येतो.

याचं मराठीतलं मला माहीत असलेलं सगळ्यात जबरदस्त उदाहरण म्हणजे विजय तेंडुलकरांचं १९७२ सालचं नाटक, 'सखाराम बाइंडर'. कमलाकर सारंगांनी बसवलं होतं, निळू फुले सखाराम झाले होते. सेन्सॉर, कोर्टकचेरी, सगळं झालं त्या नाटकावर. सखाराम हा पुस्तकं बाइंड करणारा माणूस. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना तो घरी आणून ठेवतो. लक्ष्मीला घरात आणल्या आणल्या तो तिला काय सांगतो? नियम! या घरात कसं राहायचं, काय करायचं, काय चालणार नाही. नियम तोंडाने घडाघडा सांगणारं पात्र आणि नाटकाची सुरुवातच तिथे.

आणि मग अख्खं नाटक काय आहे? ते नियम कसे ढासळत जातात, ते आहे. देवभोळी लक्ष्मी त्याच्या घरात राहते आणि तिची सवय याला लागते. मग चंपा येते, ती पूर्ण वेगळी, आणि हा आणखी तिसराच माणूस व्हायला लागतो. दोन्ही वेळा आपण चकित होतो आणि दोन्ही वेळा पटतं, कारण मुळात घरावर आपलाच हुकूम चालतो या भ्रमात असलेला माणूस आपण पहिल्या प्रवेशात पाहिलेला असतो. सखाराम चांगला माणूस नाहीये. तेंडुलकर त्याला चांगला करतही नाहीत. म्हणजे भरीव पात्र करणं म्हणजे त्याला माफ करणं नव्हे, हेही लक्षात ठेवा.

नियम जिथे चालत नाही, तिथे न्या

दुसरं उदाहरण सिनेमाचं. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. २०१४ साली व्हेनिसला पुरस्कार मिळालेला, पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. एका लोकशाहिरावर खटला चाललाय. आरोप असा की त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली. सरकारी वकील आहे नूतन. गीतांजली कुलकर्णींनी केलीय ती भूमिका. कोर्टात ती कलमं अशी वाचते की बस. आवाजात चढउतार नाही, समोरच्या माणसाचं काय होणार याच्याशी देणंघेणं नाही. आपल्याला तिचा राग यायला लागतो.

आणि मग सिनेमा तिच्यासोबत कोर्टाबाहेर पडतो. लोकलनं घरी जाणं, मुलाला घेणं, स्वयंपाक, नवरा, मुलं. आपल्या शेजारच्या काकूच. सुट्टीच्या दिवशी ती घरच्यांबरोबर नाटकाला जाते. परप्रांतीयांविरुद्धचं नाटक, सगळं थिएटर हसतंय, तीही हसतेय.

बघा, दिग्दर्शकाने तिच्या बाजूनं एक शब्द बोललेला नाही. तिला मांजर दिलेलं नाही. फक्त जागा बदलली. पुन्हा कोर्टात ती दिसते तेव्हा आपल्याला तिचा राग येतोच, पण आता आपल्याला माहिती असतं की ही बाई संध्याकाळी भाजी फोडणीला टाकणार आहे. राग जास्त अवघड होतो.

तेव्हा तुमचं पात्र ऑफिसातलं असेल तर त्याला एकदा सासुरवाडीला पाठवा. घरातलं असेल तर बँकेच्या रांगेत उभं करा. हे सगळं कथेत यायलाच पाहिजे असं नाही. तुमच्या डोक्यात तरी एकदा न्या.

आम्ही टेस्टिंगमध्ये हेच करतो. सरळ इनपुट दिलं की सगळा कोड चालतो. वयाच्या रकान्यात कुणी शून्य टाकलं, नावाच्या रकान्यात काहीच टाकलं नाही, मग आत काय लिहिलंय ते कळतं.

बोलणं

तिसरी छोटी गोष्ट, आणि आज दुसरे सखाराम. पु. ल. देशपांड्यांचे सखाराम गटणे. 'व्यक्ती आणि वल्ली'मधले, ज्या पुस्तकाला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गटणे कसा दिसतो हे तुम्ही विसरला असाल, पण तो कसा बोलतो हे विसरला नसाल. साधी गोष्टसुद्धा छापील मराठीत सांगणार. त्या बोलण्यातच त्याचा नियम आहे : जगायचं ते पुस्तकातल्यासारखं.

मी माझ्या कथेत एक प्रयोग केला. संवादांच्या आधीची नावं झाकली आणि नुसते संवाद वाचले. मारुती, त्याची बायको, मुलगा, ड्रायव्हर, चौघंही एकाच माणसासारखी बोलत होती. म्हणजे माझ्यासारखी! ड्रायव्हरच्या तोंडी मी 'प्रकर्षाने' असा शब्द घातला होता. आता हसू येतं, तेव्हा मला तो चांगला वाटला होता.

'इतर' म्हणजे काय

आता परत वहीकडे.

ताईनं सांगितलं ते असं. आण्णांची बरीच वर्षं मुक्कामी गाडीवर ड्यूटी असायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : शेवटची गाडी रात्री गावात जाते, तिथेच थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी तालुक्याला परत येते. गुरुवारी तालुक्याचा बाजार. त्या पहाटेच्या गाडीला एक म्हातारी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांचं गठुळं घेऊन यायची. तिकीट बारा रुपये. तिच्याकडे सहाच असायचे. भाजी विकल्याशिवाय पैसे कुठून येणार? "येताना देते रं बाबा," म्हणायची. पण येताना ती दुपारच्या गाडीनं यायची, आणि दुपारच्या गाडीला कंडक्टर दुसरा. तिचे पैसे आण्णा भरायचे. वहीत लिहायचे, 'इतर – ६'. ताईला हे आईकडून कळलं होतं.

मी आईला फोन केला. म्हटलं, बाबा रे, आणखी काय काय आहे जे मला माहीत नाही? आई म्हणाली, "तुझे आण्णा पहिल्यापासून असे नव्हते." नोकरीच्या पहिल्या वर्षी एकदा संध्याकाळी डेपोत कॅश भरताना दीडशे रुपये कमी आले. कुठे गेले, कुणाला जास्त सुट्टे दिले, शेवटपर्यंत कळलं नाही. स्वतःचे भरावे लागले. ताई तेव्हा तान्ही होती. त्या महिन्यात दुधाचा रतीब बंद करावा लागला. त्यानंतर वही आली. त्यानंतरच सदऱ्याचा डावा खिसा घरचा आणि खांद्यावरची बॅग गाडीची, हा नियम आला. दोन्हीकडचे पैसे कधी एकमेकांत जाऊ द्यायचे नाहीत.

हा मला मिळालेला चौथा मुद्दा : नियमामागे एक दिवस असतो. 'तो कंजूष आहे' हे वर्णन झालं. 'एक दिवस दीडशे रुपये कमी आले आणि दूध बंद झालं' ही गोष्ट झाली. तो दिवस तुम्ही कथेत सांगा किंवा सांगू नका, पण तुम्हाला माहीत पाहिजे. माझ्या बेचाळीस कॉलममध्ये तो दिवस नव्हता.

"तो असं करणार नाही"

मी कथा पुन्हा लिहिली. आता मारुतीला त्याचा नियम होता, नियमामागचा दिवस होता, आणि म्हातारीही होती. आणि मी विचार केला की म्हातारीच्या प्रसंगी मारुतीचं मन दाखवू. तिला ज्येष्ठांच्या सवलतीचं अर्धं तिकीट मिळू शकतं, पण तिच्याकडे ओळखपत्र नाही. मारुती ते बघतो, गप्प बसतो, आणि कार्ड न बघताच हाफ तिकीट फाडून देतो. नियमाला चिकटलेल्या माणसानं नियम मोडला! मला हा प्रसंग फार आवडला होता. लिहून झाल्यावर मी स्वतःसाठी चहा केला.

मग दिवाळीत घरी गेलो आणि धीर करून आण्णांना कथा वाचून दाखवली. ते रोजच्यासारखे खुर्चीत बसलेले, चष्मा कपाळावर. दीडशे रुपयांचा भाग आला तेव्हा आईकडे एकदा बघितलं, काही बोलले नाहीत. म्हातारीचा भाग आला आणि त्यांनी हात वर केला. थांब म्हणून.

"हाफ कसं फाडलं त्यानं? कार्ड कुठाय तिचं?"

मी म्हटलं, "आण्णा, तेच तर आहे. तो दया दाखवतो."

"दया दाखवायला सरकारचे पैसे हायेत का त्याचे? रिपोर्ट होईल त्याच्यावर. तो असं करणार नाही."

"मग काय करेल?"

"फुल तिकीट फाडील. बारा रुपयाचं. आणि सहा रुपये आपल्या डाव्या खिशातनं बॅगेत टाकील. आणि घरी जाऊन लिहून ठेवील."

दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मला जे चार पुस्तकं वाचून कळलं नव्हतं, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. माझा मारुती ज्या पद्धतीनं नियम मोडत होता, ती पद्धत माझी होती. आण्णांच्या पद्धतीत गाडीचा पैसा गाडीलाच मिळतो, म्हातारीही उतरत नाही, आणि मोडतो तो फक्त त्यांचा स्वतःचा नियम : डाव्या खिशातले पैसे बॅगेत जातात. ड्यूटीवर निघताना कंडक्टरला जवळच्या खासगी पैशांचीही नोंद करावी लागते, हे मला त्याच दिवशी कळलं. म्हणजे वाटेत तपासणी झाली असती तर त्या सहा रुपयांचंही त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं. सहा रुपयांत केवढं काय काय होतं!

फॉर्स्टर म्हणतात ते पटणारं आश्चर्य हेच असावं. माणूस नियम मोडतो तेव्हासुद्धा स्वतःच्याच स्वभावानं मोडतो. कंजूष माणूस अचानक उदार होत नाही. तो सहा रुपये देतो आणि लिहून ठेवतो.

राहिलेलं पात्र

मी पुढे वाचलं. कथा संपली. आण्णा म्हणाले, "कंडक्टर जमलाय." मला एकदम हलकं वाटलं. मग म्हणाले, "पण ते पोरगं एकतर्फी झालंय."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"लईच गरीब दाखवलंयस त्याला. बाप विचारतो, ते बिचारं सांगतंय. ते शुक्रवारचं झेरॉक्स कुठाय?"

आई हसायला लागली. ताईसुद्धा. मला काही सुचेना.

सांगतो. हॉस्टेलला असताना शुक्रवारी आम्ही पिक्चरला जायचो. ते पैसे मी रविवारच्या हिशोबात 'झेरॉक्स' म्हणून सांगायचो. कधी ऐंशी, कधी एकशेवीस. चार वर्षं! मला वाटायचं, कुणाला काही कळत नाही.

"आण्णा, तुम्हाला माहीत होतं?"

"दर शुक्रवारी एवढं काय झेरॉक्स काढतंय पोरगं? कंडक्टर होतो मी."

"मग बोलला का नाहीत?"

ते चष्मा पुसत म्हणाले, "हिशोब तर जुळत होता ना."

माझ्या कथेतलं सगळ्यात पुठ्ठ्याचं पात्र मीच होतो. ज्या पात्रावर आपला राग असतो ते सपाट होतं, हे मला ताईनं दाखवलं होतं. ज्या पात्राची आपल्याला कीव येते, ज्याच्या बाजूनं आपण लिहीत असतो, तेही तितकंच सपाट होतं. कारण त्याला आपण प्रश्नच विचारत नाही. बापाच्या वहीत 'इतर' होतं, तसं मुलाच्या हिशोबात 'झेरॉक्स' होतं. मी फक्त एकच वही उघडून बसलो होतो.

कथा तिसऱ्यांदा लिहिली. आता तीत मुलगा खोटं बोलतो आणि मारुती ते ऐकून घेतो, वहीत 'झेरॉक्स' असंच लिहितो. शेवटी मुलगा फोन बंद करत नाही. काय करतो ते सांगत नाही, कारण कथा सध्या एका अंकाकडे आहे. छापून येईल का, माहीत नाही. आली नाही तरी चालेल असं म्हणणार नाही, आली पाहिजे.

या आठवड्याचा अभ्यास

तुमच्या कथेतलं मुख्य पात्र घ्या आणि पाच प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा. एक्सेलमध्ये नको, प्लीज.

१. याचा जगण्याचा नियम काय? एका वाक्यात.

२. हा नियम कुठल्या दिवसापासून सुरू झाला? त्या दिवशी काय झालं?

३. असा कुठला प्रसंग आहे जिथे हा नियम त्याला मोडावाच लागेल?

४. तो मोडताना तो स्वतःच्या पद्धतीनं कसा मोडेल? इथे घाई करू नका. पहिलं उत्तर बहुतेक तुमचं स्वतःचं असतं, पात्राचं नसतं. "तो असं करणार नाही" असं कुणी म्हणेल का, ते बघा.

५. मोडल्यानंतर तो काय लपवतो आणि कुठे?

आणि मग हेच पाच प्रश्न त्या पात्राला विचारा, जे तुम्ही स्वतः आहात. तिथे जास्त वेळ लागेल. मला तीन वर्षं लागली.

एक शेवटचं. घरच्या माणसांवर लिहिणार असाल तर त्यांना सांगा. हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी मी आण्णांना फोन केला. म्हटलं, तुमची गोष्ट सांगू का? म्हणाले, "सांग की. नाव घेऊ नको." म्हणून नाव घेतलं नाही. मग म्हणाले, "किती मिनिटांचा आहे?" मी म्हटलं, वीस-बावीस. "डेटा किती जातो त्याला?" सांगितलं. त्यांनी नक्की कुठेतरी लिहून ठेवलं असणार.

तुमच्या पात्राचा नियम आणि तो मोडण्याचा प्रसंग, दोनशे शब्दांत लिहून पाठवा. पुढच्या भागात काही वाचू. तोपर्यंत लिहीत राहा. भेटू!